लाल दोऱ्याची नळी

१० जानेवारी २००३

पुन्हा गढूळ! सकाळची पहिली लघवी काचेच्या नळीत, खाली स्पिरिटचा दिवा, वरून आम्लाचे दोन थेंब – आणि नासक्या दुधासारखा साका! माझ्या सात वर्षांच्या नातीच्या, भाविकाच्या मूत्रपिंडांतून प्रथिनं गळतायत, आणि घरात वाद कशावर? नळी न्हाणीत ठेवायची की गोठ्यात! आमची सौ. भागीरथी म्हणते, "मास्तर ना तुमी? आता या वयात हे धंदे!"

बत्तीस वर्षं सापगावच्या पोरांकडून पहाटेच्या कविता चालीवर म्हणवून घेतल्या. त्यांतली पहाट सोन्याची असायची. माझी ही अशी.

मुंबईच्या डॉक्टरबाई फक्त मुलांच्या किडन्या बघतात. त्यांनी बजावलंय – तीन सकाळी ओळीने स्वच्छ आल्या तर गोळ्या कमी. पंचवीस तारखेपर्यंत नाही आल्या, तर पाठीत सुई घालून मूत्रपिंडाचा कण काढायचा, तपासायला. भाविकाला हे कुणी सांगितलेलं नाही.

१३ जानेवारी

गढूळ.

१९ जानेवारी

म्हशाच्या जत्रेला नेऊ नका म्हणालो, तर मीच खाष्ट ठरलो. तिथे माझी सख्खी बहीण गोजर – "वयनी, पोर कशी चंद्रावानी गोल झालीय गो! कोण म्हनतं आजारी?" अगं बये, गोळ्यांनी सुजलंय ते तोंड! वर लाडाने सुकटीची चटणी नि भाकर दिली. मीठ बंद असलेल्या पोरीला!! ओरडलो, तर म्हणे, "दादा, एका घासानं काय व्हतंय!"

चंद्राची उपमा मला जन्मभर आवडली. आता पुरे.

२० जानेवारी

आज पोरीने संप केला. नळी धरायलाच तयार नाही. "आदेश हसतो मला. मीच का रोज? तुमी पन करा!" शेजारच्या आदेशचा कान पिळावा म्हणतो. पण तिचं चुकलं कुठे? करतो म्हटलं. उद्यापासून दोन नळ्या, वहीत दोन रकाने. तिचा मी लिहायचा, माझा तिने.

२१ जानेवारी

एक नळी स्वच्छ, एक गढूळ. बाईसाहेब टाळ्या वाजवतात – "स्वच्छ माझी!" अगं, लबाडी कुणाशी करतेस? नळ्या बदलल्यास ना? "नाय ओ आजोबा, आईशप्पत नाय!" तिच्या रकान्यात गढूळ लिहिलं. माझ्यात तिने काही लिहिलंच नाही. जेवलीही नाही.

वर्गात मी कधी कुणावर असा ओरडलो नव्हतो.

२२ जानेवारी

आज पुन्हा तेच सोंग! माझा आवाज पुन्हा चढला. अनिता सूनबाई मधे पडली – "मामा, ती खोटं नाय बोलत." मग काय नळ्या खोटं बोलतात?

उद्या दोरे बांधणार. तिच्या नळीला लाल, माझ्या नळीला पांढरा. आणि अनिता न्हाणीच्या दाराशी उभी राहील.

२३ जानेवारी

लाल दोरा – स्वच्छ! पाण्यासारखी. म्हणजे तिन्ही सकाळी स्वच्छच होत्या.

पांढरा – साका.

तिच्या रकान्यातले दोन्ही 'गढूळ' मी खोडले. शेजारी बसून ती माझा रकाना भरत होती. पेन्सिलीने तीनदा, एकाखाली एक – गढूळ, गढूळ, गढूळ. मग वर न बघताच म्हणाली, "आजोबा, आजपासून तुमचं पन मीठ बंद."