यंत्रापुढची तोंडी परीक्षा

१२ नोव्हेंबर

ती. बाबांना नमस्कार. वाकून केलाय असं समजा; माझ्या खोलीत खाट आणि टेबल यांच्यामध्ये वाकायला जागा नाही.

तब्येत बरी आहे. माझी वाळवीही मजेत आहे. धोका जाणवला की ती लाकडावर डोकं आपटते आणि लांबच्या सोबतिणींना ते पायांतून कळतं. ऐकू येत नाही म्हणून बाकावर तळहात टेकवून दारावरची थाप ओळखणाऱ्या सुताराच्या मुलीने याच विषयात पीएचडी करावी, याचं इथे सगळ्यांना नवल वाटतं. मला नाही वाटत.

तुम्ही प्रत्येक पत्रात विचारलंत, इंग्रजीच्या परीक्षेचं काय झालं. मी हवापाणी लिहीत राहिले. तर आता सांगते.

नियम असा, की पीएचडीला नाव कायम व्हायचं तर इंग्रजी वाचणं, लिहिणं आणि बोलणं, तिन्हींत पास व्हायचं. वाचण्या-लिहिण्यात मी उत्तम निघाले. बोलण्यात नापास झाले. पुन्हा तेच झालं असतं तर गाशा गुंडाळून घरी.

तोंडी परीक्षा म्हणजे समोर माणूस असेल, असं तुम्हाला वाटेल. नसतो. कानांवर हेडफोन आणि पुढ्यात पडदा. प्रश्न आला: घरातलं कोणी एखादी वस्तू कशी बनवतं ते सांगा. मी खूश. खिळ्याशिवाय दोन फळ्या कशा जोडतात ते अगदी रंधा मारण्यापासून सांगितलं. नंतर कळलं, रेकॉर्डिंगमध्ये चार शब्द आहेत आणि पुढे नुसती शांतता. बाकी सगळं मी हातांनी सांगितलं होतं. तुमचा विषय निघाला की माझं तोंड मिटतं आणि हात सुरू होतात, हे मलाच माहीत नव्हतं.

लिहिलं नाही ते आत्यामुळे. मी लहान असताना ती खाणाखुणा करून तुम्हाला सांगायची, पोरीला माझ्याकडे ठेव, तुझ्यापाशी मुकी राहील. तुम्ही नाही ठेवलंत. मी बोलण्यात नापास झाले हे कळलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं की आत्याचंच खरं होतं. मला ते सोसलं नसतं.

मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "हातांवर बसून बोलत जा." बसले. हातही बधिर झाले आणि तोंडही. मग प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारा लंबू म्हणाला, "मला सांग. पण मी बघणार नाही हं, काम पडलंय." माझ्याकडे पाठ करून बसला, आणि बाबा, मी धडाधड बोलायला लागले. असं का झालं, याचा विचार डोक्यातून जाईना. मग गिऱ्हाइकं आठवली. तीही अशीच उभी असायची, फळ्या चाचपत, माझ्याकडे न बघता. तुम्ही हातांनी सांगायचात आणि मी ते त्यांच्या कानावर घालायचे. लाकूड कुठलं, दार कधी मिळेल, घासाघीस का चालणार नाही, सगळं.

परवा पुन्हा परीक्षा झाली. मी यंत्राला गिऱ्हाईक केलं आणि तुम्हाला बाकापाशी उभं केलं. प्रश्न होता, काय शिकायला सर्वांत जास्त वेळ लागतो. तुम्ही रंध्याचं सांगू लागलात आणि मी ते इंग्रजीत बोलत गेले. वेळ संपली तेव्हा तुमचं अजून अर्धं सांगून व्हायचं होतं.

आज निकाल लागला. पास. नाव कायम झालं.

आत्याला हे तुम्हीच सांगा, आणि हातांनीच सांगा. तिला कळेपर्यंत सांगा.

तुमची, अजून कामावर असलेली,
दुभाषी