तय्यबच्या चाळीस विकेट

देरा, दुबई
फेब्रुवारी १९६८

आदरणीय मोहिद्दीन मामूंच्या खिदमतीत भाचा इद्रीसचे अदबीने सलाम. अल्लाच्या मेहेरबानीने इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. तुमचा गुडघा आता वाकतो का ते कळवावं (मामींचं म्हणणं, जेवायला बसताना तो बरोबर वाकतो, मी ऐकून सोडून दिलं).

पक्की नोकरी दिसल्याशिवाय सुरैय्याचा हात देणार नाही, असं तुम्ही तय्यबला बजावलंत, तेव्हापासून त्याच्या नोकरीत मी जातीने लक्ष घातलंय (त्याने सांगितलं नव्हतं). त्याचं असं झालं. आमच्या खोलीत एक खेळ चालतो. इथल्या कंपन्यांच्या क्रिकेट टीममधून हवे ते गडी निवडून ज्याने त्याने आपली कागदावरची टीम करायची. शुक्रवारी ते गडी मैदानात जे रन काढतील, विकेट घेतील, त्याचे पॉइंट आपल्याला. सर्वांत कमी पॉइंट ज्याचे, त्याने आठवडाभर खोलीची मासळी साफ करायची. महिनाभर मी सकाळ-संध्याकाळ सुरमईचंच तोंड पाहतोय. माझ्या टीमची सारी भिस्त तय्यबच्या बॉलिंगवर.

अशात एका मोठ्या कंपनीने तय्यबला बोलावलं. ऑफिसात क्लार्कची जागा, पण आधी ट्रायलवर, पक्कं नंतर, आणि शुक्रवारी त्यांच्या टीममधून बॉलिंग. तय्यब कचरत होता. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जुन्या टीममध्ये मागच्या सीझनला वीस विकेट. तिथली फील्डिंग अशी की कॅच सुटला नाही तर लोक विचारायचे, आज काय झालं. नव्या टीमचा विकेटकीपर घारीसारखा, पिचवर अंथरायचं काथ्याचं मॅटिंग कोरं करकरीत, कॅप्टन समजूतदार. ऊन, वारा, वाळू, सगळं धरून आकडा काढला: चाळीस विकेट. आकडा पाहून माझाच ऊर भरून आला. तय्यबने जुनी नोकरी सोडली.

मामू, मी सगळं धरलं, एक धरायचं राहिलं. इथे प्रत्येक टीम आपला एक अंपायर देते. जुन्या टीमचा अंपायर आपल्या दापोलीकडचा मुनीर, आणि तय्यब नेहमी मुनीरच्याच बाजूने टाकायचा. तय्यबचा हात तयार झालाय तुमच्या बागेतली वानरं हाकून. तो बॉल टाकत नाही, कोपरातून वाकवून दगडासारखा भिरकावतो. मुनीरला त्यात कधी काही खटकलं नाही (त्याच्याही बागेत वानरं आहेत). टीम बदलली, तय्यब गेला, पण मुनीर तिथेच राहिला! नव्या टीमचा अंपायर कंपनीचाच इंग्रज इंजिनियर. पहिल्या बॉलला नो-बॉल. दुसऱ्याला नो-बॉल. आपल्याच टीमचा माणूस, तरी दया नाही. ओव्हर संपता संपेना. कॅप्टनने हातातून बॉल काढून घेतला आणि तय्यबला पार बाउंड्रीवर उभं केलं. मॅनेजरसाहेब तंबूतून पाहत होते. सुरैय्याचं आता कसं, या विचाराने मी चाळीसचा कागद खिशातच चुरगाळला, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात बॉल बाउंड्रीकडे आला. फलंदाज आरामात दुसरा रन घेत होते. तय्यबने बॉल उचलला आणि तुमच्या वानराला हाणतात तसा हाणला. थेट स्टंपवर! फील्डरने कोपर वाकवलं तर इंग्रजही काही म्हणत नाही. थोड्या वेळाने दुसरा रन-आउट, मग तिसरा. पुढे पुढे तर बॉल तय्यबकडे गेला की फलंदाज जागचा हलेना, आणि मॅच आम्ही जिंकलो. मॅनेजरसाहेब स्वतः चालत आले. म्हणाले, “हबीबी, बॉलिंग खलास. तू बस फेंक. ट्रायल भी खलास, जॉब पर्मनंट.” मी तिथेच तय्यबला मिठी मारून रडलो. तेव्हा मामू, मुलगा हिऱ्यासारखा, नोकरी पक्की, आता होकार कळवावा.

तुमचा आज्ञाधारक,
इद्रीस

ता. क. आमच्या खेळात रन-आउटला पॉइंट नाहीत (नियम मीच केला होता). त्यामुळे या आठवड्यातही मासळी माझ्याकडेच. तुम्ही गावात इतकी वर्षं अंपायर होता, तुमचा शब्द खोलीत सगळे मानतात. रन-आउटचे पॉइंट फेकणाऱ्याला मिळतात, एवढं दोन ओळीत सहीनिशी पाठवावं. फार निकड आहे.

ता. क. २. पाकीट बंद करताना आपल्या गावचा हमदुल्ला बोटीतून उतरून थेट खोलीवर आला. तो म्हणतो, मैमुना मामींनी गेल्याच महिन्यात तय्यबच्या अम्मीला शब्द दिला, मोहल्ल्यात साखरही वाटून झाली. फक्त तुम्हाला सांगायला तुमचा मूड बघतायत. तेव्हा होकाराची तसदी घेऊ नये. रन-आउटचं तेवढं कळवावं.