चालू: नाही

४ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो एकदाचे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसं आमचं: दोन बॅगा, एक कुंडी आणि चिमणी. चिमणी साडेपाच वर्षांची. कुंडी तिनेच मांडीवर धरून आणली, त्यामुळे उतरताना दोघी सारख्याच मातीने माखलेल्या. तिचे बाबा बोटीवर; अजून चार महिने त्यांचा आवाज फक्त रविवारी ऐकू येणार.

नोकरी दफ्तरखान्यात. जुने नकाशे, खरेदीखतं, जन्ममृत्यूच्या वह्या, असा दोनशे वर्षांचा कागद इथे सांभाळतात. मी मात्र कागदाला हातही लावणार नाही. माझं काम सर्व्हरचं. इथलं प्रत्येक दार, प्रत्येक संगणक, वायफायसुद्धा, त्या एका सर्व्हरला विचारतं की हा माणूस आपला आहे का. कार्ड दाखवलं की दाराशेजारच्या डबीवर पिवळा दिवा लागतो, म्हणजे विचारणा चालू आहे. मग हिरवा, नाहीतर लाल. सगळ्यांच्या गळ्यात निळ्या फितीचं कार्ड. चिमणीलाही पाळणाघरासाठी एक मिळालं. एकाच दारातून तिने सतरा वेळा ये-जा केली आणि दर हिरव्या दिव्याला थँक्यू म्हटलं.

क्वार्टर आवारातच. खिडकी मोठी, नळाला दिवसभर पाणी. मी खूश आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबांनी काम समजावलं. माझ्या आधी इथे तीस वर्षं एक गृहस्थ होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. गेल्या महिन्यात निवृत्त झाले. त्यांनी सगळी नावं एका साध्या फाइलमध्ये ठेवलीत, एका माणसाला एक ओळ. नवीन माणूस आला की ओळ लिहायची, मग सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायचा. तेही मास्तर फक्त सुट्टीच्या दिवशी करत, त्यामुळे माणूस आठवडाभर दाराबाहेर ताटकळे. साहेब त्याला विटलेत. सगळी नावं डेटाबेसमध्ये हलवा, म्हणाले, पुढच्या सोमवारच्या आत. मास्तरांनी त्याला कायम विरोध केला म्हणे. म्हातारी माणसं, दुसरं काय.

फाइल मात्र आरशासारखी लख्ख. मला पसारा सोसत नाही, त्यामुळे मास्तरांबद्दल लगेच आदर वाटला. माझं आणि चिमणीचं धरून तीनशे तीन नावं. त्याखाली आणखी अकरा, प्रत्येकाच्या आधी एक खूण. अशी खूण असलेली ओळ सर्व्हर वगळतो. नोकरी सोडून गेलेल्यांची नावं मास्तरांनी सरळ पुसलीत. मग हीच अकरा का ठेवली असतील?

एक गंमत. रोज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ‘तळघर-१’ नावाच्या दारावरून अकरा विचारणा येतात. अकरांनाही नकार. रोज. नोंदी मागे मागे पाहत गेले, अकरा वर्षं हेच. डबी बिघडली असणार.

७ नोव्हेंबर, गुरुवार

तळघराचं दार शोधलं. दार नाहीच. जिना संपतो तिथे गिलावा केलेली भिंत आणि तिला टेकून लोखंडी कपाट. कपाटामागे हात घातला तर डबी सापडली. जिवंत आहे, दिवाही आहे. इथल्या डब्यांना दोन तोंडं असतात, एक दाराच्या बाहेर, एक आत. बाहेर पडतानाही कार्ड लागतं, कुणी कागद पळवू नये म्हणून.

तीन दहापर्यंत मुद्दाम थांबले. पिवळा, लाल. पिवळा, लाल. अकरा वेळा. माझ्या बाजूला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

चिमणीला आणायला गेले तेव्हा पाळणाघराच्या मावशींना सहज विचारलं. त्या इथे वीस वर्षं आहेत. त्यांनी चिमणीचे मोजे वर ओढले आणि म्हणाल्या की मुलांसमोर तो विषय नको. नंतर मुलं नसतानाही काढू दिला नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

झालं! नावं आता डेटाबेसमध्ये आहेत, सर्व्हर तिथेच पाहतो. बदल केला की तत्क्षणी लागू. काल रविवार होता म्हणून चिमणीला शेजारी चित्रं काढायला बसवलं आणि काम उरकलं. एकदाही अडखळले नाही, आणि आपल्या तोंडाने सांगते, हे सोपं नव्हतं.

त्या अकरांचं काय करायचं याचा विचार केला. मास्तरांनी जपलंय ते आपण का पुसायचं? म्हणून तक्त्यात एक खाना वाढवला: ‘चालू’. तीनशे तीन जणांपुढे ‘होय’, अकरांपुढे ‘नाही’. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

काल दुपारी अकरा विचारणा आल्या का, ते पाहायचं राहिलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

हात दाखवून अवलक्षण!

आज तीन दहाला एकही नकार नाही. बरं वाटलं, डबी सुधारली म्हणून. मग नीट पाहिलं. अकरा विचारणा आल्या होत्या आणि अकरांनाही होकार गेला होता. काल आणि परवाही.

चूक माझी. ‘चालू’चा खाना मी हौसेने केला, पण सर्व्हरला तो वाचायला सांगितलंच नाही. सर्व्हर नाव पाहतो, कार्डाचा नंबर पाहतो, जुळलं की हिरवा. मी तक्त्यात ‘नाही’ लिहून समाधानाने घरी गेले. शिकाऊ पोरसुद्धा असं करणार नाही.

वरातीमागून घोडं, पण लगेच दुरुस्त केलं. आता सर्व्हर तो खाना वाचतो. एवढी एक गोष्ट खटकली की होकारानंतर त्याच अकरांच्या नोंदी पुढच्या दारांवर आहेत. जिना. मधला बोळ. सर्व्हर दारात विचारतो. आत आलेल्याला पुन्हा कोण विचारणार?

बिघडलेली डबी बोळातून चालत जात नाही, हे मला कळतं. आज त्यावर जास्त विचार करणार नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी साहेबांना त्यांच्याच खोलीच्या दारावर लाल दिवा लागला. मला हाक आली. तक्ता उघडला, तर साहेबांपुढे ‘नाही’. आणि अकरांतल्या पहिल्या नावापुढे ‘होय’. मी दोन्ही बदललं. मिनिटभरात परत तसंच. तीन वेळा केलं. वळून पाहते तर साहेब दारात नव्हते. जिन्याकडे गेले, असं कुणीतरी म्हणालं.

दुपारी त्यांच्या खुर्चीत एक गृहस्थ बसलेले. कार्डाची फीत लाल. तोंड उघडं ठेवून श्वास घेत होते, पळत आल्यासारखे. शिपाई त्यांना चहा देऊन गेला, जणू रोजचेच. मी विचारलं तर शिपायाने माझ्याकडेच विचित्र पाहिलं.

संध्याकाळी मास्तरांना फोन केला. काय केलंय ते त्यांना सांगितलं. मग त्यांनी त्या अकरांचं सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वी तळघरात कागद शिवणारे अकरा जण होते. तिथे आग विझवायचा वायू होता, पाण्याने कागद खराब होतात म्हणून. एका दुपारी आग नसतानाच तो सुटला आणि श्वास कोंडायला लागले. अकराही जण दाराशी आले, कार्डं दाखवली. त्याच वेळी मास्तरांनी एक नाव घालायला सर्व्हर बंद केला होता. चार मिनिटं. तीन दहा ते तीन चौदा. दिवा हिरवाही झाला नाही, लालही नाही. अकरा माणसं पिवळ्या दिव्याकडे पाहत मेली.

मास्तर म्हणाले, त्यांना त्या दिवशी साधा नकारही मिळाला नाही, बाई. म्हणून ते रोज विचारतात. मी रोज नकार पोचवत राहिलो, तेवढंच माझ्या हातात होतं. पण होकार कधी दिला नाही, कारण तिथली जागा रिकामी राहत नाही. एक बाहेर आला की एक आत जातो.

उपाय विचारला. ते रडायला लागले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

‘नाही’ अजून अकराच आहेत. फक्त नावं बदलतात.

काल रात्रीपर्यंत त्यांत एकच नाव आपल्या माणसाचं होतं, आज सकाळी पाच. नकाशांचे काका. लिफ्टवाला. टायपिंगवाल्या दोघी बहिणी. त्यांच्या जागी लाल फिती. कुणाला काही वाटत नाही. शिपायालाही नाही, आणि दुपारी तोच नव्हता.

चिमणीला साडेबाराला आणायला गेले. दार मावशींनी उघडलं नाही. एक बाई होती, लाल फितीची. तोंड उघडं. मुलं गप्प बसली होती, रांगेत. चिमणी म्हणाली की नवी मावशी गोष्ट सांगत नाही, नुसती मोजते. काय मोजते विचारलं. म्हणाली, आम्हाला.

उद्या पहाटे इथून निघायचं. कुंडीही राहू दे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ

फाटक एका वेळी एकालाच सोडतं. चिमणीला पुढे केलं. तिने कार्ड दाखवलं, थँक्यू म्हणायला तोंड उघडलं — लाल.

मी तिला फाटकाच्या दांड्यावरून उचलून पलीकडे ठेवणार होते. त्यासाठी बॅग खाली ठेवली. म्हणजे हात सोडला. एवढाच वेळ. बॅग ठेवायला लागतो तेवढा —

मागे बोळाचं दार हळूहळू मिटत होतं.

दुपार

तक्ता. अकरावं ‘नाही’ माझ्या चिमणीचं.

‘होय’ केलं. परत ‘नाही’. चाळीस वेळा तरी. मास्तरांचा फोन लागत नाही. पोलिसांना लावला, ते म्हणाले की दफ्तरखान्यातून आत्ताच सगळं ठीक असल्याचं सांगितलंय. साहेबांनी सांगितलं. कुठल्या साहेबांनी, ते मला माहीत आहे.

कपाट ओढून काढलं. गिलाव्यावर कान लावला. आतून बारीक टकटक. मी नाव घेतलं. तिने आतून विचारलं की दिवा पिवळाच का राहतो.

दोन वाजून पन्नास

अकराच. नेहमी अकरा. दहाही नाही, बारा नाही.

मी वेडी. तिला नुसतं ‘होय’ करत बसले. जागा रिकामी राहत नाही, हे मला सांगितलं होतं ना.

तिच्यापुढे ‘होय’. माझ्यापुढे ‘नाही’.

एक मिनिट झालं. तीन मिनिटं. परत फिरलं नाही.

सर्व्हरच्या खोलीत एक लाल फीतवाला येऊन उभा राहिला. मी उठले तशी माझ्या खुर्चीत बसला. तोंड उघडं.

तीन वाजून आठ

जिन्याखाली. वही सोबत आणलीय. चिमणीचे बाबा, तिला घेऊन जा. इथली कुठलीही नोकरी नको, कुणालाच. मास्तरांच्या फाइलची छापील प्रत टेबलाच्या वरच्या खणात आहे. खुणांना हात लावू नका.

चिमणीला गरम दूध चालत नाही. कोमट द्या.

भिंत जिथे होती तिथे दार आहे. आता हिरवा —

ती आली. माझ्या कमरेला घासून गेली. इकडेतिकडे पाहत, आई, आई करत. मी तिच्यासमोरच होते. तिला दिसले नाही. पण जिना चढली. वर उजेड आहे. चढली ती.

आत

साहेब आहेत. मावशी आहेत. काका. सगळ्यांनी कार्डं हातात धरलीत. मावशींनी मला जागा करून दिली.

वरून हिस्स असा आवाज सुरू झाला.

तीन दहा. वर माझ्या खुर्चीत तो बसलाय. सर्व्हर बंद करायचं बटण कुठे आहे ते त्याला माहीत आहे.

मी कार्ड दाखवलं. पिवळा.

पिवळा.

चार मिनिटं तर — मोजतेय —

अजून पिवळाच. लाल तरी लागू दे. निदान लाल तरी —