मालिनी, मंदाक्रांता आणि माझी मिळकत

मी, टायपिंगबाई, वय शहात्तर पूर्ण, धंदा टायपिंगचे वर्ग (आता बंद), हे मृत्युपत्र माझ्याच यंत्रावर, माझ्याच दहा बोटांनी लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी कालच मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी तेवीसपर्यंत आले तेव्हा तेच म्हणाले, बाई, आता पुरे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकण्याचा हक्क असलेले एकच गृहस्थ होते, ते नऊ वर्षांपूर्वी गेले, आणि त्यांनाही ते कधी जमले नाही.

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी एकोणचाळिसाव्या वर्षी संतापात केले होते. त्यात माझ्या यजमानांना फक्त एक छत्री ठेवली होती, तीही मोडकी. असे का केले ते कलम चारमध्ये येईल.

कलम एक. दुकानावरच्या दोन खोल्या आणि जिन्यालगतची टायपिंगची खोली माझ्या एकुलत्या एक लेकीला मिळावी. ती दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे माझ्यासमोर तोंड उघडणे तिने लहानपणीच सोडले असले तरी इतरांना उघडायला लावते. अट एवढीच की जावईबापूंनी टायपिंगच्या खोलीला 'अडगळीची खोली' म्हणू नये. गेल्या खेपेला म्हणाले होते. मी ऐकले. मला अजून उत्तम ऐकू येते.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते लेकीचे. किती आहे ते इथे लिहीत नाही, कारण हा कागद जावईबापूही वाचणार.

कलम तीन. उरलेल्या चार टंकयंत्रांपैकी तीन वाचनालयाला द्यावीत. एकाचा 'ळ' अडकतो. त्याला वरून नाही, बाजूने टिचकी मारावी. चौथे, खिडकीजवळचे, लेकीने स्वतःकडे ठेवावे. तिच्या आईबापांचा संसार त्या यंत्रावर वाचला. ती तेव्हा आठवीत होती आणि तिला वाटत होते की आईला घशाचा विकार झाला आहे.

कलम चार. माझे यजमान, ज्यांचा उल्लेख यापुढे 'हे' असा होईल कारण जन्मभर तसाच केला, खाली औषधांचे दुकान चालवीत. गिऱ्हाईक नसेल तेव्हा हे गोळ्यांच्या कागदी पाकिटांवर काहीबाही खुणा करीत: एक आडवी रेघ, एक चंद्रकोर, दोन रेघा, पुन्हा चंद्रकोर. मला वाटे, औषधाचा हिशेब असेल. शेजारच्या शिंपीणबाईंनाही तसेच वाटले. अख्खी गोळी म्हणजे रेघ आणि अर्धी म्हणजे चंद्रकोर असे समजून त्यांनी पंधरा दिवस शक्तीच्या गोळ्या त्या क्रमाने घेतल्या, आणि वर सांगायला आल्या की बरे वाटते आहे.

एकदा कोट धोब्याकडे द्यायचा म्हणून मी खिसे पाहिले. छोटी वही निघाली. त्यात ह्यांच्या अक्षरात लिहिले होते: 'सोमवार. मालिनी. आज वश झाली नाही. बुधवार. मंदाक्रांता. फार वेळ घेते, पण गोडी औरच. शुक्रवार. शालिनीला हात लावला, सोडून दिली.'

मी ती वही घेऊन धाकट्या दिरांकडे गेले. भाऊजी तेव्हा वरच्या मजल्यावर राहत आणि विमा विकत, म्हणजे दुःखद गोष्टी गोड तोंडाने सांगण्याची त्यांना सवय होती. त्यांनी वही वाचली. त्यांना एका क्षणात सगळे कळले होते, हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा मात्र त्यांनी मान खाली घातली.

"वहिनी, मालिनी तर जुनीच आहे हो."

"आणि ती मंदाक्रांता?"

"मी पाहिलेली नाही. चाल फार संथ, डौलदार आहे म्हणतात. दादाला विचारू नका. खचून जाईल."

मी विचारले नाही. कोणाशी काही बोलायचेच नाही असे ठरवले. चार महिने ह्यांच्याशी एक शब्दही बोलले नाही. ताट वाढायचे, कपडे ठेवायचे, दिवा मालवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. ह्यांनी दोनदा 'काय झालं?' विचारले, आणि मग भित्र्या माणसाप्रमाणे तेही गप्प झाले. मी बहिणीला पत्र लिहून ठेवले होते की वार्षिक परीक्षा झाली की लेकीला घेऊन तुझ्याकडे येते. छत्रीचे मृत्युपत्र त्याच आठवड्यातले.

भाऊजींना पुढे भीती वाटली, पण तोंड उघडायचे धाडस झाले नाही. त्यांच्या हिश्श्याचे कलम पाचमध्ये पाहू.

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना भाषेचे एक तरुण मास्तर हस्तलिखित घेऊन आले. विद्यार्थ्यांसाठी वृत्त-अलंकारांची ओळख, एकशे दहा पाने, स्वच्छ टाइप करून हवी. मी न वाचता टाइप करीत असे. धंद्याचा नियमच तो. उपमा गेली, अनुप्रास गेला, अतिशयोक्ती गेली. चाळिसाव्या पानाच्या मध्यावर बोटे थांबली. मी आयुष्यात तेवढीच एकदा ओळ अर्धवट सोडली आहे.

"मास्तर, ही मालिनी कोण?"

"कोण नाही हो, काय म्हणा. वृत्त आहे. कवितेची ओळ कोणत्या चालीनं चालायची, त्याचं माप."

"आणि मंदाक्रांता?"

"तेही वृत्तच. सतरा अक्षरांची ओळ."

"शालिनी?"

"अकरा. बाई, तुम्ही रडताय का?"

"हसतेय," मी म्हटले. दोन्ही खरे होते.

त्या दिवशी टाइप झाले नाही. मास्तरांनी मला टेबलावर बोटाने ठोकून दाखवले. ऱ्हस्व अक्षर ते लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ ते गुरू, दोन मात्रा. लघूची खूण चंद्रकोर, गुरूची आडवी रेघ. जोडाक्षराचा धक्का मागच्या ऱ्हस्व अक्षराला बसला की तेही गुरू होते. 'पत्र' म्हणताना 'प' कसा जड होतो पाहा. 'तुम्हा'तला 'तु' मात्र हलकाच राहतो, तिथे धक्का बसत नाही. तीन अक्षरांचा एक गण, असे गण आठ. ओळीच्या मध्ये श्वास घ्यायची ठरलेली जागा, ती यती. मास्तर म्हणाले, विद्यार्थ्यांना हे शिकायला वर्ष लागते. मला तीन दुपारी लागल्या. सोळा यंत्रे एकदम चालू असताना कोणत्या मुलीचे कोणते बोट चुकले हे मी पाठ करून सांगत असे, म्हणजे पाठ फिरवून. मास्तरांनी कच्च्या प्रतीत इथे श्लेष आहे म्हणून पेन्सिलीने खूण केली आहे, पण तो मी मुद्दाम केलेला नाही.

आता बोलायचे कसे? चार महिन्यांचा अबोला मोडायचा तर वाक्य तोलामोलाचे हवे. मी ह्यांची कवितांची मोठी वही काढली. शेवटच्या पानावर शाई ताजी होती: 'जवळ असुन कोणी दूर का राहते गे.' मी बोटांनी ठोकून पाहिले. सहा लघु, दोन गुरू, मग यती, मग उरलेली सात. पंधराच्या पंधरा जागेवर. मालिनी त्या दिवशी वश झाली होती. कोण जवळ असून दूर होते हे समजायला मास्तरांची गरज नव्हती.

सकाळी हे चहा पीत होते. मी समोर बसले.

"'असून'मधला 'सू' दीर्घ आहे. तुम्ही ऱ्हस्व केलात."

कप बशीवर आपटला. "वृत्तासाठी तेवढी सूट असते," हे सवयीने म्हणाले, आणि मग एकदम, "तू बोललीस!"

"बाराव्या पानावर 'चंद्रासारखे मुख' आहे. उपमा आहे ना ती?"

"हो."

"चंद्र उपमान. म्हणजे ज्याची उपमा दिली ते. आणि जिला दिली ती? उपमेय कोण?"

ह्यांनी बशीतला चहा पुसला. मग म्हणाले, "उपमेय या घरात दुसरं कोण आहे?"

"माझं तोंड चंद्रासारखं कधी होतं?"

"अतिशयोक्तीही अलंकारच आहे."

मग मी खिशातली वही समोर ठेवली. ह्यांनी वाचली आणि इतके हसले की खुर्चीला धरावे लागले. हसता हसता थांबले. "चार महिने तुला वाटत होतं की मी... आणि तू विचारलं नाहीस?"

"तुम्हीही दोनदाच विचारलंत."

 बहिणीला लिहिलेले पत्र मी फाडले. मृत्युपत्र मात्र तसेच ठेवले. माणसाने धाक ठेवावा.

कलम पाच. ह्यांची वेताची आरामखुर्ची भाऊजींना मिळावी. त्यांची तिच्यावर किती वर्षे नजर आहे ते मला माहीत आहे. अट: त्यांनी मालिनी वृत्तात स्वतःच्या चार निर्दोष ओळी लिहाव्यात, विषय 'वहिनींची क्षमा', आणि त्या मास्तरांकडून तपासून घ्याव्यात. यमकासाठी 'वहिनी'ला 'बहिणी' जुळवू नये, ते सगळेच जुळवतात. चौथ्या प्रयत्नातही जमले नाही तर खुर्ची तशीच द्यावी, पण आधी तीन प्रयत्न होऊ द्यावेत. मी त्यांना मनापासून क्षमा केली आहे. त्यांनी मात्र ती वृत्तात मागावी.

कलम सहा. ह्यांच्या कवितांच्या अकरा वह्या. पहिल्या चारांत दोष फार. पुढच्या सातांत कमी, कारण तिथून पुढे प्रत्येक ओळ आधी मला ऐकवली जाई आणि पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत. एक सुनीत चौदाऐवजी तेरा ओळींचे आहे. त्या दिवशी दुकानात गर्दी होती. वह्या छापू नयेत, पण कोणी वाचायला मागितल्या तर नाही म्हणू नये.

शेवटच्या वर्षी ह्यांची वाचा गेली. उजवी बाजूही गेली. डाव्या हाताची बोटे तेवढी राहिली. लेक अक्षरांचा तक्ता घेऊन आली, डॉक्टरांनी घंटी दिली; ह्यांनी दोन्हींकडे पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी पलंगाच्या लाकडावर बोट वाजले. एक हलका ठोका, पाच जड, आणि थांबणे. मी भाजी निवडत होते. शिखरिणीची सुरुवात, सहाव्या अक्षरावर यती, हे माझ्या कानांनी आधी ओळखले. त्या मापाचे काहीतरी म्हणायला हवे म्हणून तोंडातून निघाले, "तुम्हाला पाणी का?"

एक हलके, पाच जड. नेमके बसले. हे अर्ध्या तोंडाने हसले. पाणी नको होते. कान शाबूत आहे का ते पाहत होते.

त्यानंतर सात महिने आम्ही असेच बोललो. हे माप द्यायचे, मी शब्द घालायची, चुकले की बोट दोनदा वाजायचे. लग्नानंतर इतके बोलणे कधी झाले नव्हते. लेक म्हणे, आई, तू बाबांशी काय बडबडतेस? मी सांगितले नाही. आता सांगते.

एका दुपारी ऊन पलंगावर होते. सहा ठोके पडले आणि बोट थांबले. यती आहे म्हणून मीही थांबले. शिखरिणीत पुढे अकरा अक्षरे असतात. मी वाट पाहिली. ऊन पलंगावरून जमिनीवर उतरले तेव्हा उठले.

ती अकरा अक्षरे मी नंतर लिहिली. कपाटात निळ्या पाकिटात आहेत. पाकीट न उघडता माझ्याबरोबर द्यावे. मास्तरांनाही दाखवू नये. त्यांना दोष सापडेल.

कलम सात. मास्तर या कागदाचे साक्षीदार आहेत आणि वकिलीणबाई म्हणतात, साक्षीदाराला काही ठेवू नये. म्हणून मास्तरांना काहीही ठेवत नाही. माझ्याकडे जे आहे त्यातले बरेचसे त्यांचेच आहे.

कलम आठ. माझ्या पश्चात कोणी माझ्यावर कविता करू नये. करायचीच झाली तर वृत्तात करावी आणि 'ताऱ्यांत विलीन झाल्या' वगैरे लिहू नये. मी कुठेही विलीन होणारी बाई नाही. रडण्याला मात्र कसलेही माप नाही. लेकीने रडायचे तसे रडावे.

वरील मजकूर मी स्वतः टाइप केला, स्वतः वाचला आणि तो मला मान्य आहे.

स्थळ: टायपिंगची खोली, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: सतरा, सोमवार, सकाळचे अकरा.

लिहून देणार: टायपिंगबाई (सही)

साक्षीदार एक: मास्तर (सही). माझ्यासमोर सही झाली. कलम पाचची परीक्षा घेण्यास मी तयार आहे. भाऊजींनी लवकर यावे, माझेही वय झाले आहे.

साक्षीदार दोन: शिंपीणबाई (सही). बाईंची बुद्धी शाबूत आहे. मला त्या गोळ्यांनी खरेच बरे वाटले होते.