बसलेलं मशीन

२९ सप्टेंबर, सोमवार

काल्हेरला पोचलो. नोकरी मिळाली, खोली मिळाली, आणि खोलीखालीच चहाची टपरी. आणखी काय हवं? गोदामात कम्प्युटरवर गाड्यांचे गेटपास काढायचे. पुण्याच्या दुकानात बारा वर्षं मी हीच खोकी दुरुस्त केली आहेत, तेव्हा कामाची धास्ती नाही.

घरमालकीण जानकीबाई. गोदाम उभं आहे ती जमीन त्यांचीच, पूर्वी तिथे भात पिकायचा. त्यांचा मुलगा दौलत आता गोदाम सांभाळतो.

संध्याकाळी ओवीशी बोललो. चंद्रा गेल्यापासून दोन वर्षं पोर संगमनेरला माझ्या आईकडे, माईकडे आहे. दिवाळीनंतर तिला इथे आणणार. सहा वर्षांची आहे, पण तारीख पक्की करून घेतली माझ्याकडून. फोन ठेवला आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज खंडेनवमी. दौलतने वजनकाट्यापासून कम्प्युटरपर्यंत सगळ्यांची पूजा केली. मॉनिटरला झेंडूची माळ, सीपीयूच्या डब्याला हळदकुंकू. जानकीबाईंनी बजावलं की पूजेला बसलेल्या मशीनला उद्यापर्यंत हात लावायचा नाही. मग सगळे जेवायला घरी गेले. मला बोलावलं होतं, पण नव्या माणसाने पहिल्याच सणाला पंगतीत काय घुसायचं, म्हणून नाही म्हणालो.

दुपारी एक गाडी आली. ड्रायव्हर घाईत होता. म्हटलं, एक पास काढायला देव थोडाच रागावतोय. बटण दाबलं तर पंखाही फिरेना. वायर बदलली. रॅम काढून खोडरबराने घासली, परत बसवली. ढिम्म. शेवटी डब्यावर तळवा टेकून नुसता बसलो. माईने आज शेंगोळे केले असतील, असं मनात आलं, आणि पंखा फिरला. हाताला कुंकू लागलं होतं. चला, हाताला अजून गुण आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

माईने फोनवर विचारलं, दिवाळीला शेंगोळे करून ठेवू का? मी विचारलं, ते काय असतं? ती हसली, मीही हसलो. नंतर ही वही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलंय. पण शेंगोळे गोड असतात की तिखट, खरंच आठवत नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

मशीन पुन्हा बंद. पॉवर सप्लाय बदलला, सेल बदलला, बाहेरून आणलेली हार्ड डिस्क लावली. काही नाही. तळवा ठेवला तेव्हा चालू झालं. त्या वेळी डोक्यात माझी जुनी स्कूटर होती. ही ओळ लिहीपर्यंत आठवत होती; आता वाचूनच कळतंय. जुडग्यात एक किल्ली आहे, ती कशाची ते आता सांगता येत नाही.

हात ठेवताना मनात जे असतं, तेच जातं.

जानकीबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट. म्हणाल्या, "बसलेल्याला उठवलास तू. आता तो उठल तवा तुजाच कायतरी घेऊन उठल. वरीसभर बसू दे त्याला." मी दौलतला नवीन मशीन आणायला सांगितलं. तो म्हणाला, पाडव्याला घेऊ, मुहूर्ताशिवाय कशाला. पाडवा बावीस तारखेला.

८ ऑक्टोबर, बुधवार

मी तरी कुठे कमी आहे. आज मशीन पुन्हा बसलं, तेव्हा हात ठेवून मुद्दाम पुण्याच्या मालकाचा विचार केला, ज्याने मला काढून टाकलं. मशीन चालू. आता मोबाइलमध्ये 'मालक पुणे' असा नंबर आहे, आणि तो माणूस काळा की गोरा, पत्ता नाही. बरंच झालं. असल्या अडगळीवर पाडव्यापर्यंत सहज निभेल.

ओवीला हे सांगता येत नाही. इथे सांगण्यासारखं दुसरं कोणी नाही. वहीला सांगतो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

चुकलं. फार मोठं चुकलं.

ठरवलं होतं एका जुन्या भाड्याच्या खोलीचं. हात ठेवला, ती खोली आठवली — आणि खोलीत कोणीतरी स्वयंपाक करत होतं.

पाकिटात एका बाईचा फोटो आहे. चांगला चेहरा. मागे 'चंद्रा' लिहिलंय. वहीत वाचलं की ही ओवीची आई. वाचून कळतं, एवढंच. रडू यायला हवं होतं. येत नाही.

ओवी अजून आहे. पुढचा दात पडलाय, भात खाताना गाणं म्हणते, झोपताना माझा कान धरते. हे इथे लिहून ठेवतो. आता त्या मशीनला हात लावणार नाही. नोकरी गेली खड्ड्यात. उद्या सकाळी संगमनेर.

११ ऑक्टोबर, शनिवार, सकाळ

बॅग भरली. निघालो तर दौलत दारात. गेटवर सतरा गाड्या अडल्यात, ड्रायव्हर पहाटेपासून उपाशी आहेत. हात जोडून म्हणाला, "आल्हादभाऊ, एकदाच. मंग बिनधास जावा."

नाही म्हणायला हवं होतं. पण बंद मशीन मागे ठेवून मी कधी दुकान सोडलेलं नाही. ही खोड.

एकोणतिसाचा पाढा म्हणणार. तो गेला तर गेला. दुसरं काही मनात येऊ नये म्हणून उजवा तळवा डब्यावर, डाव्या हाताने लिहितोय. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. त्रिक सत्त्याऐंशी. चोक — फोन वाजतोय. बघायचं नाही. स्क्रीनवर माई आणि ओवीचा फो—

११ ऑक्टोबर, दुपार

मशीन चालू आहे. दौलतने पाठ थोपटली. गाड्या सुटल्या.

एका लहान मुलीचा फोन आला. नंबरावर 'माई' लिहिलंय, पण ती कोण, पत्ता नाही. "बाबा, निघालास का?" राँग नंबर आहे बाळा, म्हणालो. ठेवला.

पुन्हा आला. रडत होती. मी चांगल्या शब्दांत सांगितलं. पुन्हा ठेवला.

बॅग भरलेली आहे. कुठे निघालो होतो —

वही वाचली. पानोपानी ओवी. दात, गाणं, कान. अक्षर माझं. वही म्हणते माझी पोर. मला वाटतं कोणाची तरी — वाट बघतेय कोणाची तरी.

तिसऱ्यांदा वाजतोय. उचलतो. तिला सांगायला हवं की इथे तिचं कोणी —