डावं, उजवं, सरळ

३ मार्च
वजन जास्त! आधी विमान काट्यावर चढवलं, मग आम्ही दोघं. बारा किलो कमी झाल्याशिवाय समुद्र ओलांडण्याइतकं पेट्रोल घेता येणार नाही. आजवर कुणीच ओलांडलेला नाही तो. माझा जोडीदार मिस्त्री, त्यानं शांतपणे पट्टे सोडले आणि आपला लाकडी पाय टेबलावर ठेवला. “घे, चार किलो इथंच सुटले.” हसून हसून पोट दुखलं.

४ मार्च
हिनं पंखाचं कापड उसवून पुन्हा शिवलं. माझ्या मते शिवण ठीक होती. हिच्या मते नव्हती. दिव्याजवळ धरून पाहिली — हिचंच खरं! बोटांची चाळण झाली, पण त्याबद्दल चकार शब्द नाही. माझ्या मिशीबद्दल मात्र भरपूर बोलून झालं. कुठल्या पुण्याईनं मिळाली ही मला!

७ मार्च
उड्डाण खात्याचे साहेब आले. परवानगी मला, मिस्त्रीला नाही. “लढाईत पाठीवर वाहून आणलंत, आता समुद्रावरूनही वाहून नेणार का त्याला?” सगळे हसले. मिस्त्रीही हसला.
मी विमानाचा दांडा सांभाळणार, मग होकायंत्र आणि नकाशा कोण बघणार? त्याच्याशिवाय मी जाणार नाही. पण तोंड उघडलं नाही ते नाहीच. लाज वाटते.

८ मार्च
आजवर कुठंच लिहिलं नाही ते लिहितो.
त्या दिवशी विषारी धुरानं माझे डोळे मिटले होते. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मिस्त्री पाठीवर, पायाच्या चिंधड्या झालेल्या, आणि कानात ओरडतोय — “डावं घे! आता उजवं! सरळ चल, थांबू नकोस!” कोसभर चाललो. पाय माझे, डोळे त्याचे. पदक एकट्या मला! तो तेव्हा इस्पितळात होता. नंतर कधी बोलला नाही. नऊ वर्षं मीही नाही.

९ मार्च
पदक साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. साहेब म्हणाले, “हे वरिष्ठांना कळवावं लागेल. पदक राहील की जाईल, सांगता येत नाही.” म्हटलं, कळवा. त्यांनी परवानगीचा कागद ओढला आणि त्यावर दुसरं नाव घातलं! भला माणूस. उगाच शिव्या घातल्या मनात.
मिस्त्रीला सांगितलं तर अंगावरच आला. “तुला कुणी विचारलं होतं? कशाला बोललास?” दुपारभर अबोला. मला वाटलं होतं, खूश होईल.

१२ मार्च
वारा पाठीशी. उद्या सकाळी निघायचं. हिनं माझ्या कोटाची बटणं घट्ट केली, मग मिस्त्रीच्या कोटाचीही. अजून काय हवं माणसाला?

१३ मार्च
पोहोचलो! साडेचार तास. किनारा अगदी नेमका गाठला.
लाकडी पाय तिकडेच राहिलेला, म्हणून मिस्त्रीला पाठीवर घेऊन उतरवला. गर्दीत तो कानाशी पुटपुटला, “आज नकाशा होता म्हणून बरं. त्या दिवशी माझेही डोळे गेले होते रे. तू थांबू नयेस म्हणून डावं-उजवं ओरडत होतो.”