देवापुढचा धूर

शहागड

कल्याण भावजी,

तुम्ही ट्रकातून आणलेल्या पाकिटावर ‘सुगंधी धूप, खाण्यासाठी नाही’ असं लिहिलं होतं. धूप कोण खातं, म्हणून मला हसू आलं अन् मी तो देवापुढं निखाऱ्यावर टाकला. जपाला बसलेल्या आत्याबाई बसल्याजागी कोसळल्या. आता दवाखान्यात शुद्धीवर आल्यात.

फौजदार म्हणले, हा नशेचा माल आहे. नाव बदलून विकला तरी त्याला बंदीच आहे. तुम्ही म्हणलात, “वहिनी, मला तर साधा धूपच वाटला.”

मंग आत्याबाई, तुमची सख्खी आई, पडल्यावर तुम्ही पाणी आणायचं सोडून आधी खिडक्या का उघडल्या? तवर धुराचं आमच्या कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

हा कागद तुम्हाला द्यावा का उद्या फौजदारांना, ते अजून ठरलं न्हाई.

तुमची वहिनी,
मीना